क्रौर्य आणि करुणा : अभिजात मानसशास्त्रीय रहस्यपटांतील क्रूर पात्रांविषयी वाटणारी सहानुभूती

प्रस्तावना

आल्फ्रेड हिचकॉक दिग्दर्शित 'सायको' (१९६०) या चित्रपटात एक प्रसंग आहे. मोटेलच्या स्नानगृहात एका तरुणीचा खून झालेला आहे. मोटेलचा तरुण चालक नॉर्मन बेट्स तिचे प्रेत तिच्याच मोटारीत ठेवतो आणि ती मोटार जवळच्या दलदलीत ढकलतो. मोटार हळूहळू खाली जाऊ लागते आणि अर्ध्यावर अचानक थांबते. नॉर्मन इकडेतिकडे पाहतो. याच क्षणी प्रेक्षकाचाही श्वास रोखला जातो. मोटार पूर्ण बुडावी, पुरावा नाहीसा व्हावा, असे त्याला वाटू लागते. काही क्षणांनी मोटार बुडते आणि नॉर्मनबरोबर प्रेक्षकही सुटकेचा नि:श्वास टाकतो. ज्या तरुणीच्या सुखदु:खाशी तो थोड्या वेळापूर्वीपर्यंत समरस झाला होता, तिचेच प्रेत त्या मोटारीत आहे, याचे भान त्याला नंतर येते.

ही प्रतिक्रिया अपवादात्मक नाही. मानसशास्त्रीय रहस्यपटांच्या अभिजात परंपरेत क्रूर कृत्य करणाऱ्या पात्राविषयी प्रेक्षकाच्या मनात कणव निर्माण होण्याचा अनुभव वारंवार येतो. एरवी हिंसेचा तिरस्कार करणारा सुजाण माणूस पडद्यावरील खुन्याविषयी हळवा का होतो? ही सहानुभूती नेमकी कशी घडवली जाते? आणि तिचे नैतिक मोल काय? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी 'एम' (१९३१), 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५१), 'सायको' (१९६०), 'पीपिंग टॉम' (१९६०) आणि 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?' (१९६२) हे चित्रपट विवेचनासाठी घेतले आहेत.

सहानुभूती : संकल्पनेची फोड

ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात शोकात्मिकेच्या नायकाची चर्चा करताना करुणा आणि भय या दोन भावनांचे स्वरूप स्पष्ट केले आहे. अपात्री कोसळलेल्या आपत्तीमुळे करुणा निर्माण होते आणि आपल्यासारख्याच माणसावर आलेल्या आपत्तीमुळे भय निर्माण होते, असे तो म्हणतो. म्हणूनच अत्यंत दुष्ट माणसाचा अध:पात न्यायबुद्धीला समाधान देत असला, तरी त्यातून करुणाही उपजत नाही आणि भयही उपजत नाही. या निकषावर रहस्यपटातील खुनी करुणेला पात्र ठरू नये. तरीही तो ठरतो. याचा अर्थ, दिग्दर्शकाने त्याला 'अत्यंत दुष्ट' या वर्गातून बाहेर काढून 'आपल्यासारखा' या वर्गात आणून बसवलेले असते. हे स्थलांतर कसे घडते, हा खरा अभ्यासविषय आहे.

चित्रपट-अभ्यासक मरे स्मिथ यांनी 'एंगेजिंग कॅरॅक्टर्स' (१९९५) या ग्रंथात या प्रक्रियेचे तीन स्तर कल्पिले आहेत. पहिला स्तर पात्राची ओळख पटण्याचा. दुसरा स्तर पात्राच्या सोबत असण्याचा. म्हणजे ते जे पाहते, ऐकते, अनुभवते ते प्रेक्षकालाही उपलब्ध होणे. तिसरा स्तर पात्राची बाजू घेण्याचा. म्हणजे त्याचे नैतिक मूल्यमापन करून त्याच्या पारड्यात आपले वजन टाकण्याचा. दुसरा स्तर गाठला म्हणजे तिसरा आपोआप गाठला जातो असे नाही, हे या मांडणीचे महत्त्वाचे सूत्र आहे. एखाद्या खुन्याच्या सोबत दोन तास राहूनही प्रेक्षक त्याचा निषेध करू शकतो. परंतु व्यवहारात सोबतीचे रूपांतर पक्षपातात होण्याचा कल असतो आणि रहस्यपटाचा दिग्दर्शक याच कलाचा उपयोग करून घेतो.

मराठी समीक्षेला हा विचार अपरिचित नाही. १९२१ मध्ये बडोदा येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली होती. वाचक स्वत:ची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि या दुहेरी जाणिवेतून वाङ्मयीन आनंद निर्माण होतो, असा तिचा आशय आहे. क्रूर पात्राविषयीच्या सहानुभूतीला ही कल्पना विशेष लागू पडते. प्रेक्षक काही काळ नॉर्मन बेट्स होतो. पण तो नॉर्मन नाही हेही त्याला ठाऊक असते. या दोहोंपैकी पहिली जाणीव नष्ट झाली तर करुणा उरत नाही आणि दुसरी नष्ट झाली तर विवेक उरत नाही.

तंत्राने निर्माण होणारी सोबत : 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' आणि 'सायको'

सहानुभूतीचा सर्वांत प्राथमिक आधार नैतिक नसून तांत्रिक असतो, हे 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन'मधील एका प्रसंगावरून स्पष्ट होते. ब्रूनो या खुन्याला आपल्या गुन्ह्याचा आळ गाय या टेनिसपटूवर ढकलायचा आहे. त्यासाठी गायचा सिगारेट-लायटर घटनास्थळी नेऊन टाकण्याचा त्याचा बेत आहे. वाटेत तो लायटर रस्त्याकडेच्या गटारात पडतो. जाळीतून हात घालून तो काढण्याची ब्रूनोची धडपड आणि दुसरीकडे लवकर सामना संपवून निघू पाहणारा गाय, अशी दोन दृश्ये आलटूनपालटून दाखवली जातात. ताणलेली बोटे लायटरपासून अगदी थोड्या अंतरावर असताना, ती तिथवर पोहोचावीत असे प्रेक्षकाला नकळत वाटून जाते. वास्तविक ती पोहोचली तर निरपराध माणूस अडकणार आहे. एखादे काम नेटाने करणाऱ्या माणसाला अडथळा आला की, ते काम कोणते आहे याचा विचार होण्यापूर्वीच मन त्याच्या यशाची इच्छा करू लागते. प्रयत्नाविषयीची ही सहज आपुलकी पुढील सर्व प्रक्रियेचा पाया ठरते.

'सायको'मध्ये या पायावर अधिक गुंतागुंतीची रचना उभी राहते. रॉबर्ट ब्लॉक यांच्या १९५९ च्या मूळ कादंबरीतील नॉर्मन चाळिशीचा, स्थूल आणि मद्याच्या आहारी गेलेला आहे. पटकथाकार जोसेफ स्टेफानो आणि हिचकॉक यांनी त्याच्या जागी अँथनी पर्किन्स हा सडपातळ, संकोची, मधूनच अडखळत बोलणारा तरुण आणला. हा बदल वरवरचा नाही. कादंबरीतील नॉर्मन वाचकाला पहिल्यापासून दूर ठेवतो, तर चित्रपटातील नॉर्मन घरातल्या एखाद्या बुजऱ्या मुलासारखा जवळचा वाटतो. ४०,००० डॉलर चोरून निघालेल्या मॅरियन क्रेनला तो सँडविच आणि दूध आणून देतो. पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या सान्निध्यात दोघांमध्ये जे संभाषण होते, त्यात माणूस आपापल्या सापळ्यात अडकलेला असतो हा विचार येतो. या संभाषणानंतरच मॅरियन चोरीचे पैसे परत करण्याचा निश्चय करते. म्हणजे नॉर्मनविषयी कणव वाटणारी पहिली व्यक्ती प्रेक्षक नसून मॅरियन आहे. प्रेक्षक तिचे अनुकरण करतो. आईला एखाद्या संस्थेत ठेवण्याची सूचना तिने करताच नॉर्मनच्या आवाजात एकदम धार येते. पण ती धारही मातृभक्तीची वाटते.

१०९ मिनिटांच्या या चित्रपटात मॅरियनचा खून पूर्वार्धातच होतो. ज्या पात्राच्या आधाराने प्रेक्षक कथेत वावरत होता, ते पात्रच नाहीसे होते आणि भावनिकदृष्ट्या प्रेक्षक निराधार होतो. त्यानंतर नॉर्मन स्नानगृह स्वच्छ करतो ते दीर्घ दृश्य येते. फरशी पुसणे, वस्तू गोळा करणे, पुन्हा एकदा खोलीवर नजर टाकणे, या साऱ्या क्रिया जवळजवळ नि:शब्दपणे आणि तपशिलाने दाखवल्या आहेत. निराधार झालेल्या प्रेक्षकाला सोबतीसाठी आता नॉर्मनच उपलब्ध आहे. शिवाय खून नॉर्मनच्या आईने केला अशी समजूत करून दिलेली असल्याने, आईचा गुन्हा झाकणारा दुर्दैवी मुलगा म्हणूनच तो त्याच्याकडे पाहतो. आरंभी उल्लेखिलेला दलदलीचा प्रसंग याच क्रमात येतो. प्रेक्षकाची सहानुभूती अपुऱ्या माहितीवर उभी होती, हे चित्रपटाच्या अखेरीस उघड होते. तरीही ती पूर्णपणे मावळत नाही, हा 'सायको'चा विशेष होय.

बालपणाची जखम : 'पीपिंग टॉम'

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रदर्शित झालेल्या मायकेल पॉवेल दिग्दर्शित 'पीपिंग टॉम'ने प्रेक्षकाला अज्ञानाची ही सवलतही दिली नाही. मार्क लुईस खुनी आहे हे पहिल्याच प्रसंगात, त्याच्या कॅमेऱ्याच्या भिंगातून दिसते. तो स्त्रियांना मारताना त्यांच्या चेहऱ्यावरील भय चित्रित करतो. कॅमेऱ्याच्या तिवईच्या पायात दडवलेले पाते आणि बळीला स्वत:चेच भय दाखवणारा आरसा, अशी त्याची योजना आहे. इतके भयानक कृत्य ठाऊक असूनही मार्कविषयी कणव वाटते, याचे कारण त्याच्या बालपणाच्या चित्रफितींत आहे. मार्कचे वडील भयाच्या मानसशास्त्राचे अभ्यासक होते आणि त्यांनी आपल्या मुलालाच प्रयोगाचा विषय केले होते. झोपलेल्या मुलाच्या बिछान्यावर सरडा सोडणे, तो घाबरला की ते चित्रित करणे, मृत आईजवळ उभ्या असलेल्या मुलाच्या मुद्रा टिपणे, असे ते प्रयोग होते. या चित्रफितींतील वडिलांची भूमिका स्वत: पॉवेल यांनी आणि लहान मार्कची भूमिका त्यांच्या मुलाने केली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पाहणाऱ्याच्या क्रौर्यातून दिग्दर्शकाने स्वत:ला वगळलेले नाही.

येथे कारणमीमांसा आणि समर्थन यांतील फरक लक्षात घेणे अगत्याचे आहे. वडिलांनी मार्कला घडवले हे कारण झाले. त्यामुळे मार्कने केलेले खून क्षम्य ठरत नाहीत. चित्रपट हे अंतर सांभाळतो. हेलन ही शेजारीण मार्कशी स्नेहाने वागते आणि तिचे चित्रण करायचे नाही असा निर्धार तो करतो. त्याच्यात निवडीची शक्ती शिल्लक होती, हे यावरून दिसते. त्यामुळेच त्याने अन्य स्त्रियांबाबत केलेली निवड अधिक दोषास्पद ठरते आणि त्याचा अंत अधिक करुण वाटतो. ब्रिटिश समीक्षकांनी या चित्रपटावर कठोर टीका केली आणि पॉवेल यांच्या कारकिर्दीला त्यामुळे मोठा धक्का बसला. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या पुढाकाराने त्याचे पुनर्मूल्यांकन सुरू झाले. मूळ टीकेच्या तीव्रतेमागे, खुन्याविषयी कणव वाटायला लावल्याचा राग असावा, असे मानण्यास जागा आहे.

आरोपीची कैफियत : 'एम'

या परंपरेचा उगम शोधताना फ्रिट्झ लाँग यांच्या 'एम' या जर्मन चित्रपटापर्यंत जावे लागते. हान्स बेकर्ट हा बालकांचा हत्यारा आहे. म्हणजे सहानुभूतीच्या दृष्टीने यापेक्षा अवघड पात्र कल्पिता येणार नाही. लाँग यांनी खुनाचे दृश्य दाखवलेले नाही. जेवणाच्या टेबलावरील रिकामी थाळी, घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा एवढ्यावरच एल्सी या मुलीचा मृत्यू सूचित होतो. आरंभी बेकर्ट म्हणजे केवळ एक सावली आणि शिट्टीवरची एक धून असते. पुढे गुन्हेगारांच्या टोळ्याच त्याचा पाठलाग सुरू करतात, कारण त्याच्यामुळे वाढलेल्या पोलिसी बंदोबस्ताने त्यांचा धंदा बसलेला असतो. पाठीवर खडूने उमटलेले अक्षर आरशात पाहणारा, माळ्यावरच्या अडगळीत लपलेला बेकर्ट हळूहळू शिकाऱ्याचा सावज होत जातो. पाठलागात एकट्या पडलेल्या जिवाविषयी वाटणारी आदिम कणव येथे कामाला लागते.

ओसाड कारखान्यातील गुन्हेगारांच्या 'न्यायालया'त पीटर लॉरे यांनी उभी केलेली बेकर्टची कैफियत जागतिक चित्रपटातील एक महत्त्वाचा क्षण मानली जाते. आपल्या आत काहीतरी आहे, ते आपल्याला रस्त्यांवरून हाकत नेते, त्यापासून सुटका नाही, असा त्याच्या आक्रोशाचा आशय आहे. समोर बसलेले गुन्हेगार स्वेच्छेने गुन्हे करतात, आपण मात्र करू नये असे वाटूनही करतो, हा भेद तो मांडतो. हा प्रश्न कायद्याच्याही केंद्रस्थानी आहे. इंग्लंडमधील १८४३ च्या मॅकनॉटन नियमांपासून ते भारतीय दंड संहितेचे कलम ८४ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२ यांपर्यंत, मनोविकल अवस्थेत कृत्याचे स्वरूप किंवा त्याची अनुचितता न कळणाऱ्या व्यक्तीला फौजदारी दायित्वातून वगळण्याचे तत्त्व मान्य झाले आहे. बेकर्टचा दावा मात्र या चौकटीत सहज बसत नाही. त्याला आपले कृत्य वाईट आहे हे कळते, पण आवरत नाही. लाँग निवाडा देत नाहीत. चित्रपटाच्या शेवटी शोकमग्न आई, या शिक्षेने आपली मुले परत येणार नाहीत, मुलांकडे अधिक लक्ष द्यायला हवे, अशा आशयाचे बोलते. आरोपीला आपले म्हणणे मांडू दिल्यानंतरही अखेरचा शब्द बळीच्या आईचा राहतो, हे या रचनेचे नैतिक बळ आहे.

बळींचे विस्मरण : 'बेबी जेन'

रॉबर्ट ऑल्ड्रिच यांच्या 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?' या चित्रपटात जेन (बेटी डेव्हिस) आपल्या अपंग बहिणीचा, ब्लांशचा (जोन क्रॉफर्ड) अमानुष छळ करते. ताटात मेलेला उंदीर वाढण्यापर्यंत तिची मजल जाते. तरीही बालकलाकार म्हणून गाजलेली आणि मोठेपणी विसरली गेलेली जेन, म्हातारपणी लहान मुलीसारखा पोशाख करून जुने गाणे म्हणते, तेव्हा तिचे क्रौर्य केविलवाणे वाटू लागते. अखेरीस समुद्रकिनाऱ्यावर ब्लांश कबुली देते की, आपल्याला अपंग करणारा अपघात जेनने केलेला नव्हता. आपणच जेनला मोटारीखाली चिरडण्याचा प्रयत्न केला होता. वर्षानुवर्षे वाहिलेले अपराधाचे ओझे खोटे होते हे कळताच प्रेक्षकाच्या सहानुभूतीचे पारडे एका क्षणात फिरते.

परंतु येथेच एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. याच चित्रपटात ब्लांशची सुटका करू पाहणाऱ्या एल्व्हिरा या कृष्णवर्णीय मोलकरणीचा जेन हातोडीने खून करते. किनाऱ्यावरील करुण अखेर पाहताना किती प्रेक्षकांना एल्व्हिरा आठवते? 'सायको'तील आर्बोगास्ट हा गुप्तहेर, 'पीपिंग टॉम'च्या आरंभी मारली जाणारी वेश्या, ही सारी पात्रे कथानक पुढे नेऊन विस्मृतीत जातात. सहानुभूती ही पडद्यावर मिळालेल्या वेळेच्या प्रमाणात वाटली जाते. ज्याला बालपण, घर, आवाज आणि निकटदृश्य लाभते, तो माणूस ठरतो. ज्याला ते लाभत नाही, तो घटना ठरतो. ही वाटणी समाजातील प्रतिष्ठेच्या वाटणीशी पुष्कळदा जुळते, हे एल्व्हिराच्या उदाहरणातून दिसते.

सहानुभूतीच्या मर्यादा आणि धोके

चित्रपटातून जागणारी करुणा तिच्या चौकटीवर किती अवलंबून असते, याचे दारुण उदाहरण 'एम'च्याच इतिहासात सापडते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यानंतर लाँग आणि ज्यू वंशाचे लॉरे यांनी जर्मनी सोडली. १९३४ मध्ये 'एम'वर तेथे बंदी आली. पुढे १९४० मध्ये नाझी राजवटीने तयार केलेल्या 'डेर एविगे युडे' या ज्यूद्वेष्ट्या प्रचारपटात बेकर्टच्या कैफियतीचा तुकडा वापरण्यात आला. मूळ चित्रपटात जे दृश्य माणसाच्या अंतर्मनाचा ठाव घेण्यासाठी होते, तेच संदर्भातून तोडून एका समूहाच्या कथित विकृतीचा पुरावा म्हणून दाखवले गेले. अभिनय तोच, चेहरा तोच, शब्द तेच. परंतु सभोवतालची कथा काढून घेतल्यावर करुणेच्या जागी द्वेष उभा करता आला.

दुसरा धोका मनोविकारांच्या चित्रणाचा आहे. नॉर्मन आणि मार्क यांच्या लोकप्रियतेमुळे मनोरुग्ण म्हणजे संभाव्य खुनी, अशी प्रतिमा रहस्यपटांच्या अनेक अनुकरणांतून पसरली. वस्तुत: मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती हिंसक नसतात. खुन्याविषयी कणव वाटणे आणि प्रत्यक्ष रुग्णाविषयी समज असणे या भिन्न गोष्टी आहेत. पडद्यावरील नॉर्मनसाठी डोळे ओलावणारा प्रेक्षक, शेजारच्या घरातील रुग्णाला टाळत असेल, तर त्या सहानुभूतीचे मोल तपासून पाहावे लागेल. 'सायको'च्या अखेरीस मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मनच्या मनाचे सविस्तर स्पष्टीकरण देतो. पण त्यानंतर लगेच कोठडीत घोंगडी पांघरून बसलेला नॉर्मन आणि त्याच्या मनातील आईचा आवाज येतो. स्पष्टीकरण पूर्ण झाले तरी माणूस पूर्ण कळलेला नसतो, हे त्या शेवटच्या दृश्यातून जाणवते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. क्रूर पात्राविषयीची सहानुभूती ही प्रेक्षकाच्या नैतिक दुर्बलतेची खूण नसून, सोबत, प्रयत्न, एकाकीपण आणि बालपणीची जखम या घटकांच्या आधारे घडवलेली प्रतिक्रिया आहे. ती खुन्याला निर्दोष ठरवत नाही; राक्षस म्हणून दूर लोटलेल्या व्यक्तीला पुन्हा माणसांत आणते आणि म्हणूनच तिच्या कृत्याचा जाब विचारणे शक्य करते. राक्षसाला जाब विचारता येत नाही, तो माणसालाच विचारता येतो. मात्र ही सहानुभूती बळीच्या विस्मरणावर उभी राहिली, तर ती एकांगी ठरते.

महाविद्यालयीन वर्गात हे चित्रपट अभ्यासले जातात, तेव्हा ॲरिस्टॉटल किंवा रससिद्धान्त यांच्या चर्चेला त्यांची चांगली जोड देता येते. दलदलीचा प्रसंग दाखवून झाल्यावर विद्यार्थ्यांना 'मोटार बुडावी असे कुणाला वाटले?' एवढा एकच प्रश्न विचारला, तरी चर्चेला तोंड फुटू शकते. त्यानंतर दुसरा प्रश्न विचारणे तितकेच आवश्यक आहे : 'त्या मोटारीत कोण होते?' पहिल्या प्रश्नाने विद्यार्थी स्वत:च्या मनाकडे वळतो, दुसऱ्याने मॅरियनकडे परत येतो. साहित्य आणि चित्रपट यांच्या अध्यापनातून जी विवेकयुक्त करुणा अपेक्षित आहे, तिला या दोन्ही प्रश्नांची गरज आहे.